तीन औषधगटांची तुलना: प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग दोन-दोन गटांत करावे की तिन्ही गटांचे एकत्र?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी, मेडिसिन)

नमस्कार. माझा प्रबंध टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांवर आहे. केवळ मेटफॉर्मिनने साखर आटोक्यात न राहिल्यामुळे ज्यांना दुसरे औषध जोडावे लागले, अशा बाह्यरुग्णांची माहिती मी 2018 ते 2023 या काळातील केसपेपरांवरून गोळा केली आहे. त्यांचे तीन गट पडतात: ग्लिमेपिराइड जोडलेले, सिटाग्लिप्टिन जोडलेले आणि डापाग्लिफ्लोझिन जोडलेले. सहा महिन्यांनंतर एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप) किती उतरले हा मुख्य परिणाम आहे आणि या काळात हायपोग्लायसेमियाचा, म्हणजे साखर फार खाली जाण्याचा, प्रसंग आला का, हा दुय्यम परिणाम आहे.

हे गट मुळातच सारखे नाहीत. ग्लिमेपिराइडचा गट डापाग्लिफ्लोझिनच्या गटाच्या जवळजवळ चौपट आहे आणि त्यातील रुग्णांचे सुरुवातीचे एचबीए1सी इतरांपेक्षा जास्त आहे. सिटाग्लिप्टिनच्या गटात वयस्कर आणि क्रिएटिनिन वाढलेले रुग्ण अधिक आहेत, तर डापाग्लिफ्लोझिन मिळालेले रुग्ण तुलनेने तरुण आणि वजनाने जास्त आहेत. म्हणून सिनॉप्सिसमध्येच आम्ही ‘प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग करून तिन्ही गटांची तुलना करू’ असे लिहिले होते; म्हणजे रुग्णाच्या गुणधर्मांवरून त्याला एखादे औषध मिळण्याची संभाव्यता (स्कोअर) काढायची आणि सारखा स्कोअर असलेले रुग्ण जुळवायचे.

विभागात एसपीएसएस हे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर उपलब्ध आहे आणि त्यातील मॅचिंगची तयार सोय दोन गटांपुरतीच चालते. त्यामुळे मी ग्लिमेपिराइड–सिटाग्लिप्टिन, ग्लिमेपिराइड–डापाग्लिफ्लोझिन आणि सिटाग्लिप्टिन–डापाग्लिफ्लोझिन अशा तीन जोड्यांचे मॅचिंग वेगवेगळे केले. प्रत्येक जोडीपुरता समतोल, म्हणजे दोन्ही गटांच्या गुणधर्मांतला सारखेपणा, चांगला आला. मात्र सिटाग्लिप्टिनशी जुळलेले ग्लिमेपिराइडचे रुग्ण आणि डापाग्लिफ्लोझिनशी जुळलेले ग्लिमेपिराइडचे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा त्यांचे सरासरी वय, वजन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कार्याचे माप) यांत स्पष्ट फरक दिसला. अशा वेळी तिन्ही निकाल एकाच तक्त्यात मांडून ‘हे औषध पहिले, ते दुसरे’ असे म्हणता येते का? तिन्ही गटांसाठी एकच स्कोअर काढण्याची पद्धत आहे का? आणि मॅचिंगमध्ये मोठ्या गटातील बहुतेक रुग्ण गळणार असतील, तर मॅचिंगऐवजी दुसरे काही करणे ग्राह्य धरले जाते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (जैवसंख्याशास्त्राचे अध्यापक)

आपण जुळलेले दोन ग्लिमेपिराइड गट शेजारी ठेवून पाहिलेत, ही फार चांगली गोष्ट केलीत. बहुतेक शोधनिबंधांत ही तुलना केलेलीच नसते आणि त्यामुळे नेमकी हीच अडचण वाचकापासून दडून राहते.

जोड्यांचे मॅचिंग चूक आहे असे नाही. प्रत्येक जोडीचा निकाल आपापल्या जागी अर्थपूर्ण असतो, परंतु तो वेगळ्या लोकसंख्येविषयी असतो. ग्लिमेपिराइड आणि सिटाग्लिप्टिन या जोडीत शेवटी जे रुग्ण उरतात ते साधारणपणे या दोहोंपैकी काहीही मिळू शकले असते असे रुग्ण असतात, आणि ग्लिमेपिराइड–डापाग्लिफ्लोझिन जोडीत उरणारे रुग्ण निराळे असतात. त्यामुळे पहिल्या जोडीत अ हे ब पेक्षा सरस आणि दुसऱ्या जोडीत ब हे क पेक्षा सरस निघाले, तरी अ हे क पेक्षा सरस आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. क्वचित तिसऱ्या जोडीचा निकाल याच्या उलटही येऊ शकतो. एकाच तक्त्यात क्रमवारी लावायची असेल, तर तिन्ही औषधांची तुलना एकाच लोकसंख्येवर व्हायला हवी.

हे आकड्यांत पाहा. समजा एका रुग्णाच्या गुणधर्मांवरून त्याला ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन मिळण्याच्या संभाव्यता अनुक्रमे 0.40, 0.40 आणि 0.20 आहेत, आणि दुसऱ्या रुग्णाच्या 0.10, 0.10 आणि 0.80 आहेत. पहिल्या दोन औषधांच्या जोडीपुरता विचार केला तर दोघांचाही स्कोअर 0.50 येतो, म्हणजे ते एकमेकांशी जुळू शकतात. त्या एका जोडीच्या तुलनेला याने बाधा येत नाही. पण दुसरा रुग्ण हा डॉक्टरांनी बहुधा डापाग्लिफ्लोझिनसाठीच निवडला असता असा रुग्ण आहे, ही माहिती दोन गटांच्या स्कोअरमधून पूर्णपणे पुसली गेलेली आहे.

तिन्ही गटांसाठी एकत्रित स्कोअर काढण्याची पद्धत आहे. रोझेनबाम आणि रुबिन यांचा 1983 चा मूळ लेख दोन गटांपुरता होता. इम्बेन्स यांनी 2000 मध्ये ती कल्पना दोनपेक्षा जास्त उपचारांसाठी विस्तारली आणि तिला सामान्यीकृत प्रोपेन्सिटी स्कोअर असे नाव पडले. प्रत्यक्षात आपण मल्टिनॉमियल लॉजिस्टिक रिग्रेशन चालवता आणि प्रत्येक रुग्णाला एक नव्हे तर तीन संभाव्यता मिळतात, ज्यांची बेरीज 1 असते. बेरीज 1 असल्यामुळे प्रत्येक रुग्ण एका त्रिकोणातील बिंदू म्हणून दाखवता येतो, आणि माझा आग्रह आहे की आपण पुढे काहीही करण्याआधी हा त्रिकोण काढावा, तिन्ही गटांचे बिंदू तीन रंगांत टाकावेत आणि तिन्ही रंग एकत्र मिसळलेले कुठे दिसतात ते पाहावे. जिथे एकच रंग आहे तिथे तुलना करण्यासाठी माहितीच नाही, आणि कोणतेही तंत्र ती निर्माण करू शकत नाही.

त्रिकोण पाहिल्यावर आपला प्रश्न नेमका कोणत्या रुग्णांविषयी आहे ते ठरवावे. सगळ्या रुग्णांना सरसकट हे औषध दिले असते तर काय झाले असते, हा एक प्रश्न. ज्यांना डापाग्लिफ्लोझिन मिळाले त्याच रुग्णांना इतर दोन औषधे मिळाली असती तर काय झाले असते, हा दुसरा. आणि ज्यांच्या बाबतीत तिन्ही औषधे खरोखर शक्य होती, डॉक्टरांचा कौल कुठेही जाऊ शकला असता, अशा रुग्णांत काय फरक पडला असता, हा तिसरा. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात. पद्धत निवडली की यांपैकी एक प्रश्न आपोआप निवडला जातो. म्हणून प्रश्न आधी निवडावा, पद्धत नंतर.

आपल्याला मॅचिंगच करायचे असेल, तर तीन गटांतून एकेक रुग्ण घेऊन त्रिकुटे जुळवता येतात. रॅसन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ही पद्धत मांडली. तिच्यात स्कोअरच्या त्रिकोणातील तीन बिंदूंमधल्या अंतरांची बेरीज, म्हणजे त्या तिघांनी बनणाऱ्या छोट्या त्रिकोणाची परिमिती, शक्य तितकी कमी ठेवली जाते. अडचण उघड आहे. त्रिकुटांची संख्या सर्वांत लहान गटापेक्षा जास्त होऊ शकत नाही, म्हणून आपल्या ग्लिमेपिराइड गटातील किमान जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्ण बाहेर पडतील, आणि उरलेला अभ्यास मुख्यतः डापाग्लिफ्लोझिन मिळण्याजोग्या रुग्णांविषयीचा असेल. दोन गटांसाठी ऑस्टिन यांनी 2011 मध्ये सुचवलेला कॅलिपर (जुळवताना चालणाऱ्या फरकाची मर्यादा), म्हणजे स्कोअरच्या लॉजिटच्या प्रमाण विचलनाच्या 0.2 पट, हा त्रिकुटांना जसाच्या तसा लावू नये, कारण तो दोन गटांच्या परिस्थितीत तपासलेला आहे.

आपल्या माहितीसाठी मी मॅचिंगऐवजी भार देण्याची, म्हणजे रुग्ण न वगळता प्रत्येकाला स्कोअरनुसार कमी-जास्त महत्त्व देण्याची, पद्धत सुचवेन. ती पूर्णपणे ग्राह्य आहे आणि तीन गटांसाठी तर अधिक नैसर्गिक आहे. एक रुग्ण घेऊ, ज्याच्या तीन संभाव्यता 0.60, 0.30 आणि 0.10 आहेत. व्यस्त संभाव्यतेचा भार वापरला, तर त्याला प्रत्यक्षात ग्लिमेपिराइड मिळाले असल्यास भार 1.67, सिटाग्लिप्टिन मिळाले असल्यास 3.33 आणि डापाग्लिफ्लोझिन मिळाले असल्यास 10 होतो. संभाव्यता 0.01 असती तर भार 100 झाला असता, आणि तो एकटा रुग्ण सगळा निकाल आपल्या बाजूला ओढू शकला असता. आता मॅचिंग वेट घ्या: तिघांतील सर्वांत लहान संभाव्यता भागिले मिळालेल्या औषधाची संभाव्यता. याच रुग्णाचे भार 0.17, 0.33 आणि 1 येतात. भार 1 च्या वर जाऊच शकत नाही. योशिदा आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये तीन गटांसाठी ही पद्धत त्रिकुट-मॅचिंगच्या तुलनेत तपासली आहे. तिचा अर्थ मॅचिंगसारखाच आहे, पण कुणाला संपूर्ण वगळावे लागत नाही. सिनॉप्सिसमध्ये ‘मॅचिंग’ लिहिले असल्यामुळे मार्गदर्शकांना पटवणेही यामुळे सोपे जाईल.

ओव्हरलॅप वेट, म्हणजे व्यस्त संभाव्यतेचा भार भागिले तिन्ही व्यस्त संभाव्यतांची बेरीज, हा तिसरा पर्याय आहे. ली आणि ली यांनी 2019 मध्ये तो अनेक गटांसाठी विस्तारला. वरच्याच रुग्णाचे भार त्यात 0.11, 0.22 आणि 0.67 येतात. तिन्ही संभाव्यता एक तृतीयांशाच्या जवळ असणाऱ्या रुग्णांना त्यात सर्वाधिक महत्त्व मिळते, म्हणजे मघाचा तिसरा प्रश्न त्यातून सुटतो. दोन गटांत लॉजिस्टिक मॉडेलसह हा भार वापरला की सरासरींचा समतोल तंतोतंत येतो; तीन गटांत तशी हमी राहत नाही, म्हणून समतोल तपासावाच लागतो.

उत्तर (मधुमेहतज्ज्ञ, खासगी व्यवसाय)

अध्यापक सरांनी पद्धतीविषयी सांगितले ते मला मान्य आहे. मी औषध लिहून देणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी मांडतो, कारण स्कोअर म्हणजे शेवटी डॉक्टरांच्या निर्णयाचे मॉडेल आहे, आणि तो निर्णय ओपीडीत कसा होतो हे मॉडेलमध्ये आले नाही तर गणित कितीही नेटके असले तरी उपयोग नाही.

सर्वांत आधी वर्ष. आपला काळ 2018 ते 2023 आहे आणि या काळात भारतात या औषधांच्या किमती पार बदलल्या. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट ऑक्टोबर 2020 मध्ये संपले आणि सिटाग्लिप्टिनचे जुलै 2022 मध्ये. दोन्ही वेळा बाजारात अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. 2019 मध्ये डापाग्लिफ्लोझिन घेणारा रुग्ण आणि 2022 मध्ये घेणारा रुग्ण यांची आर्थिक स्थिती सारखी असेलच असे नाही. ज्याला महाग औषध परवडत होते, त्याला ग्लुकोमीटर, आहारतज्ज्ञाचा सल्ला आणि वेळेवर फेरतपासणी हेही परवडत होते, आणि एचबीए1सी उतरण्यात या सगळ्याचा वाटा असतो. म्हणून औषध सुरू केल्याचे वर्ष, शक्य असल्यास तिमाही, मॉडेलमध्ये घ्यावी. रुग्ण औषध स्वतः विकत घेत होता, रुग्णालयातून मोफत मिळत होते की विमा होता, हे केसपेपरवर कुठे नोंदले असेल तर ते सोन्यासारखे जपावे.

नंतर हृदय. डापा-एचएफ या चाचणीचे निकाल 2019 मध्ये आले आणि तेव्हापासून हृदयाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांना आम्ही डापाग्लिफ्लोझिन साखरेसाठी कमी आणि हृदयासाठी जास्त देऊ लागलो. असा रुग्ण तुमच्या यादीत असेल तर त्याला औषध देण्यामागचा हेतूच वेगळा होता. इकोचा अहवाल किंवा फ्युरोसेमाइड (लघवीवाटे शरीरातील पाणी कमी करणारे औषध) चालू असल्याची नोंद हे त्याचे खुणेचे घटक आहेत.

मूत्रपिंडाचा मुद्दा मॉडेलने सुटणारा नाही. ईजीएफआर 45 च्या खाली गेल्यावर केवळ साखर कमी करण्यासाठी डापाग्लिफ्लोझिन देण्याची शिफारस नाही, कारण त्या टप्प्यावर त्याचा साखरेवरचा परिणाम बराच ओसरतो. सिटाग्लिप्टिन मात्र मात्रा कमी करून तिथेही दिले जाते. म्हणजे ईजीएफआर 35 असलेल्या रुग्णाला साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती. अशा रुग्णांना भार देऊन तुलनेत आणू नये. अभ्यासाच्या निकषातच ईजीएफआर 45 किंवा त्याहून जास्त अशी अट घालावी आणि निष्कर्षही त्याच मर्यादेत लिहावा. ज्यांचा ईजीएफआर कमी आहे त्यांच्यासाठी हवे तर दोन औषधांची वेगळी तुलना करता येईल.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीचे एचबीए1सी औषध सुरू होण्यापूर्वीचेच हवे, आणि ते किती दिवस जुने चालेल हे आधी ठरवावे. काही रुग्णांत पहिले एचबीए1सी औषध चालू झाल्यानंतर महिन्याभराने केलेले असते आणि तेच ‘बेसलाइन’ म्हणून नोंदले जाते. असे रुग्ण स्कोअरमध्ये गेले, तर औषधाचा काही परिणाम आपण स्वतःच पुसून टाकतो. त्याच कारणाने सहा महिन्यांचे वजन, नंतर वाढवलेली मात्रा, नंतर जोडलेले तिसरे औषध यांपैकी काहीही स्कोअरच्या मॉडेलमध्ये घालू नये.

प्रतिसाद (सामुदायिक वैद्यकशास्त्रातील संशोधक)

मला एक शंका मांडायची आहे. मुख्य परिणाम सलग स्वरूपाचा आहे, रुग्णसंख्या पुरेशी आहे, मग थेट रिग्रेशनमध्ये सुरुवातीचे एचबीए1सी, वय, वजन, ईजीएफआर घालून तीन गटांची तुलना केली तर काय बिघडते? किंग आणि नीलसन यांनी 2019 च्या लेखात तर प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंगसाठी वापरूच नये असे मांडले आहे. प्रबंधासाठी एवढा खटाटोप आवश्यक आहे का?

उत्तर (जैवसंख्याशास्त्राचे अध्यापक)

शंका रास्त आहे. सर्व गटांत रुग्ण पुरेसे मिसळलेले असतील आणि मॉडेल बरोबर मांडले असेल, तर रिग्रेशन आणि स्कोअर यांची उत्तरे बहुधा जवळजवळ येतात. फरक पडतो तो गट मिसळलेले नसतात तेव्हा. रिग्रेशन त्या रिकाम्या जागेत सरळ रेषा ओढून उत्तर देते आणि आपल्याला कळतही नाही की त्या भागात एका औषधाचा एकही रुग्ण नव्हता. स्कोअर काढला की ती रिकामी जागा डोळ्यांसमोर येते. शिवाय स्कोअर काढताना परिणामाचा आकडा आपण पाहिलेला नसतो, त्यामुळे हवा तो निकाल येईपर्यंत मॉडेल बदलत राहण्याचा मोह टळतो. मी हा फायदा सर्वांत मोठा मानतो.

किंग आणि नीलसन यांची टीका मॅचिंगपुरती आहे. समतोल साधल्यानंतरही रुग्ण छाटत राहिल्यास असमतोल पुन्हा वाढू शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. भार देण्याच्या पद्धतींना ती त्याच रूपात लागू होत नाही. प्रबंधात भार आणि रिग्रेशन दोन्ही एकत्र वापरावे असेच मी सुचवेन: भार दिलेल्या माहितीवर रिग्रेशन चालवावे आणि त्यात सुरुवातीचे एचबीए1सी पुन्हा घ्यावे. हे एक चल दोन्हीकडे असलेच पाहिजे, कारण ज्यांचे एचबीए1सी सुरुवातीला 10 आहे त्यांचे ते कोणत्याही औषधाने जास्त उतरते आणि काही अंशी आपोआपही उतरते.

उत्तर (क्लिनिकल डेटा विश्लेषक, पुणे)

मी हे विश्लेषण रोजच्या कामात करतो, म्हणून प्रत्यक्ष करण्यातील बाबी लिहितो.

एसपीएसएसमध्ये मल्टिनॉमियल लॉजिस्टिक चालवून तिन्ही संभाव्यता नव्या स्तंभांत साठवता येतात आणि कॉम्प्युटच्या आज्ञेने मॅचिंग वेट काढता येतो. इथपर्यंत ठीक आहे. परंतु त्यानंतर ‘वेट केसेस’ चालू करून नेहमीची अनोव्हा चाचणी लावू नये. एसपीएसएस तिथे भाराला रुग्णांची संख्या समजते, म्हणजे भार 3 असेल तर असे तीन रुग्ण होते असे धरून प्रमाण त्रुटी काढते, आणि त्यामुळे पी-मूल्य व विश्वासांतर दोन्ही चुकीचे येतात. ही चूक दिसत नाही, कारण सरासरी बरोबरच आलेली असते.

शक्य असेल तर या कामापुरते आर हे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरावे. मॅचइट हे लोकप्रिय पॅकेज दोन गटांसाठीच आहे, म्हणून त्यात वेळ घालवू नये. वेटइट हे पॅकेज अनेक गट घेते आणि व्यस्त संभाव्यता, मॅचिंग, ओव्हरलॅप असे सर्व भार काढून देते. समतोल पाहण्यासाठी त्याच्या जोडीला कोबाल्ट आहे. त्रिकुटेच जुळवायची असतील तर ट्रायमॅच आहे. मल्टिनॉमियल मॉडेलने समतोल येत नसेल तर ट्वँगमधील बूस्टिंगची पद्धत अनेक गटांसाठी वापरता येते. त्यामागचा लेख मॅककॅफ्री आणि सहकाऱ्यांचा 2013 चा आहे.

समतोल पी-मूल्यावर ठरवू नये, कारण रुग्ण कमी झाले की पी-मूल्य आपोआप वाढते आणि समतोल आला असा भास होतो. प्रमाणित फरक (दोन गटांच्या सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) पाहावा. तीन गट असल्यामुळे प्रत्येक चलाचे तीन फरक येतात. त्यांतील सर्वांत मोठा फरक 0.1 च्या आत आहे का ते पाहावे. सरासरी जुळली तरी पसरण जुळली आहे का, हेही वयासाठी आणि एचबीए1सीसाठी जरूर पाहावे. एखादे चल हट्टाने बाहेर राहत असेल तर त्याचा वर्ग किंवा दोन चलांचा गुणाकार मॉडेलमध्ये घालून पुन्हा प्रयत्न करावा. परिणामाचा स्तंभ तोवर फाइलमधून काढून ठेवलेला बरा.

भार दिल्यानंतर प्रत्येक गटातील प्रभावी रुग्णसंख्या सांगावी: भारांच्या बेरजेचा वर्ग भागिले भारांच्या वर्गांची बेरीज. परीक्षक ‘किती रुग्ण गळले’ असे विचारतील तेव्हा हेच उत्तर द्यायचे आहे. प्रमाण त्रुटी रोबस्ट पद्धतीने काढावी किंवा बूटस्ट्रॅप (त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन विश्लेषण) करावे, आणि बूटस्ट्रॅपच्या प्रत्येक फेरीत स्कोअरसुद्धा नव्याने काढावा. तीन जोड्यांच्या तुलना आहेत, म्हणून मुख्य तुलना कोणती ते आधी लिहून ठेवावे किंवा पी-मूल्यांना अनेक तुलनांसाठीची होल्म यांची दुरुस्ती लावावी.

प्रतिसाद (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही गटांचा त्रिकोण काढला. ईजीएफआर 45 च्या खालचे रुग्ण वगळल्यावर तिन्ही रंग मधल्या भागात बऱ्यापैकी मिसळलेले दिसतात, मात्र ग्लिमेपिराइडच्या कोपऱ्यात केवळ त्याच गटाचे बरेच रुग्ण आहेत; बहुतेकांचे एचबीए1सी 10 च्या वर आहे. औषध सुरू केल्याचे वर्ष घातल्यावर स्कोअर लक्षणीय बदलले. मार्गदर्शकांशी बोलून आम्ही प्रश्न असा ठरवला आहे की, ज्या रुग्णांच्या बाबतीत तिन्ही औषधे शक्य होती त्यांच्यात सहा महिन्यांनी काय फरक पडतो. आणि त्यासाठी मॅचिंग वेट वापरायचा आहे.

दोन शंका उरल्या आहेत. सहा महिन्यांचे एचबीए1सी काही रुग्णांत नाहीच, कारण ते परत आले नाहीत, आणि न येण्याचे प्रमाण तिन्ही गटांत सारखे नाही. असे रुग्ण सरळ वगळावेत का? आणि केसपेपरवर आर्थिक स्थितीची नोंद नाही, तर मॉडेलबाहेर राहिलेल्या या घटकाविषयी काय करता येईल?

उत्तर (जैवसंख्याशास्त्राचे अध्यापक)

सरळ वगळू नयेत. कोण परत येतो आणि कोण येत नाही हे औषधावर आणि रुग्णाच्या स्थितीवर अवलंबून असेल, तर उरलेल्यांची तुलना पुन्हा असमान होते, आणि स्कोअरने साधलेला समतोल शेवटच्या पायरीवर निसटतो. परत येण्याच्या संभाव्यतेचे वेगळे मॉडेल करून त्याचा व्यस्त भार आधीच्या भाराने गुणावा. किंवा मल्टिपल इम्प्युटेशन, म्हणजे नसलेले आकडे अंदाजाने भरून माहितीचे अनेक संच तयार करणे, हा मार्ग घ्यावा. त्यात प्रत्येक भरलेल्या संचात स्कोअर, भार आणि फरक वेगवेगळे काढून शेवटी केवळ फरकांचे अंदाज एकत्र करावेत. सगळ्या संचांतील स्कोअरची सरासरी घेऊन एकदाच विश्लेषण करण्याची पद्धत मी टाळतो. समतोलाचा तक्ता मात्र मूळ गटाचा आणि परत आलेल्यांचा असा दोन्ही द्यावा.

न नोंदलेल्या घटकाविषयी स्कोअर काहीच करू शकत नाही, आणि हे प्रबंधात स्पष्ट शब्दांत लिहावे. पण तो घटक किती बलवान असावा लागेल याचा अंदाज देता येतो. हायपोग्लायसेमियासाठी आपल्याला जोखमीचे गुणोत्तर मिळेल. व्हँडरवील आणि डिंग यांनी 2017 मध्ये मांडलेले ई-मूल्य त्यावर काढावे. गुणोत्तर 2 आले तर ई-मूल्य 3.41 येते, म्हणजे न नोंदलेला घटक औषधनिवडीशी आणि हायपोग्लायसेमियाशी, दोन्हीकडे, नोंदलेल्या घटकांपलीकडे किमान 3.41 पटीने जोडलेला असेल तरच तो एकटा हा सगळा फरक निर्माण करू शकेल.

उत्तर (मधुमेहतज्ज्ञ, खासगी व्यवसाय)

एक पडताळणी सुचवतो. अमेरिकेतील ग्रेड चाचणीत मेटफॉर्मिनवर असलेल्या 5,047 रुग्णांना ग्लार्जिन इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, लिराग्लुटाइड किंवा सिटाग्लिप्टिन यादृच्छिक पद्धतीने दिले होते, आणि 2022 मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध झाले. तीव्र हायपोग्लायसेमिया ग्लिमेपिराइड गटात 2.2 टक्के आणि सिटाग्लिप्टिन गटात 0.7 टक्के रुग्णांना झाला. त्यात डापाग्लिफ्लोझिन नव्हते. पण आपल्या तीन औषधांपैकी दोन तिथे समोरासमोर आहेत, म्हणून आपल्या भार दिलेल्या माहितीत या दोहोंमधला फरक त्याच दिशेने येतो का ते आधी पाहावे. त्यांचे रुग्ण, पाठपुराव्याचा काळ आणि नोंदीची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे आकडे जुळण्याची अपेक्षा ठेवू नये; दिशा उलटी आली तर मात्र डापाग्लिफ्लोझिनकडे वळण्यापूर्वी मॉडेलमध्ये काय सुटले आहे ते शोधावे. माझा पहिला संशय हायपोग्लायसेमियाच्या नोंदीवर असेल, कारण ग्लिमेपिराइड घेणाऱ्याला आम्ही ‘घाम येतो का, हातपाय थरथरतात का’ असे आवर्जून विचारतो आणि इतरांना तितक्या नेमाने विचारत नाही.

प्रतिसाद (प्रश्नकर्ती)

हा नोंदीचा मुद्दा लक्षात आला नव्हता. केसपेपरवर प्रश्न विचारल्याची नोंद आहे की रुग्णाने आपणहून सांगितल्याची, हे वेगळे लिहून काढते आणि ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आकडा नोंदलेला आहे अशा प्रसंगांचे विश्लेषण स्वतंत्र करते. समतोलाचा तक्ता तयार झाला की याच धाग्यात देईन.